"पडलात का?" असं विचारू नका: वयस्कांची पडझड रोखताना होणाऱ्या चुका

पावसाळा लागला की आमच्या भागात खुबा मोडल्याच्या बातम्या सुरू होतात. जांभ्याच्या पाखाड्या, शेवाळलेलं अंगण, न्हाणी मागीलदारी, आणि एवढ्या मोठ्या घरात सत्तरी ओलांडलेली दोनच माणसं. मुलं मुंबईला. सगळा दोष पावसावर ढकलता येतो, पण बावीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून फिरल्यावर सांगते, बऱ्याच चुका तपासायला जाणाऱ्या आपल्याच असतात. नवीन आलेला प्रत्येक जण त्या पहिल्यापासून करतो. मीही केल्या.

पहिली चूक: विचारून मोकळं होणं

घरोघरी भरायच्या सीबॅक या आरोग्य तपासणी फॉर्मात साठीच्या वरच्यांसाठी प्रश्न आहे, उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का. आशाताई विचारते, आजी नाही म्हणतात, खूण होते, पुढचं घर. एका सकाळी वीस घरं उरकली असं कुणी कौतुकाने सांगितलं की माझं डोकं उठतं.

एक आजी होत्या, अठ्ठ्याहत्तरच्या. पडवीत बाकावर बसलेल्या, तोंडाने खणखणीत. मला कोकम सरबत हवं का विचारलं आणि सुनेला हाक मारली. ती शेजारची सून, हे मला नंतर कळलं; घरात त्या एकट्याच राहत. सगळ्या प्रश्नांना "नाही हो बाय". मी फॉर्म भरला. पंधरा दिवसांनी त्या पहाटे न्हाणीपाशी सापडल्या, खुबा मोडलेला. किती वेळ तिथे पडून होत्या कुणाला ठाऊक नाही. नंतर वॉर्डात भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, त्या पावसात त्याआधी तीनदा पडल्या होत्या. मग सांगितलं का नाही? "सांगितलं असतं तर झिलाने डोंबिवलीला नेलं असतं. दोन खोल्यांत मी करू काय?"

फॉर्मवर "नाही"ची खूण माझ्या हातची होती. सबंध अर्ध्या तासात मी त्यांना एकदाही उभं केलं नव्हतं.

तेव्हापासून मी "पडलात का" विचारत नाही. "घसरायला होतं का, झीट येते का, भिंत धरून जाता का" असं विचारते, कारण त्यांच्या लेखी घसरणं म्हणजे पडणं नव्हे. आणि पाणी मागते. आजी उठताना हात कशावर रेटतात, उंबरठ्याशी थांबतात का, वळताना किती पावलं टाकतात, तांब्या कुठल्या हातात, सगळं दिसतं. शंका आली तर रीतसर चाचणी: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर नाव माझ्या वहीत आणि पुढे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे. घड्याळ मोबाइलमध्ये असतंच, कारण सांगू नका.

दुसरी चूक: बीपी फक्त बसवून घेणं

एसटीतून निवृत्त झालेले एक आजोबा पहाटे लघवीला उठले की पडायचे. बसून बीपी 138/80. कार्डावर ओळीने "कंट्रोल" लिहिलेलं. मी त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवलं, बीपी घेतलं, मग उभं करून एका मिनिटाने घेतलं. वरचा आकडा 140 वरून 108 वर आला आणि आजोबांनी खाटेचा दांडा पकडला. उभं राहिल्यावर वरचा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तरी ती धोक्याची खूण असते. एका मिनिटाला नाही दिसला तर तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं. तेवढा धीर कुणाला नसतो. उपकेंद्रातल्या नव्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मंडळींना मशीनचा पट्टा बांधून बटण दाबायचं आणि ॲपमध्ये आकडा टाकायचा, एवढंच येतं असं कधीकधी वाटतं.

मग मी औषधांची पिशवी खाटेवर ओतायला लावली. ही माझी सवय आहे. यादी विचारत नाही, पिशवी ओतते. उपकेंद्रातून मिळणारी अम्लोडिपिन, म्हणजे बीपीची गोळी, होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली दुसऱ्या नावाची गोळी, तीही अम्लोडिपिनच. वर प्रोस्टेटची गोळी, आणि शेजाऱ्याने "छान झोप लागते" म्हणून दिलेली अर्धी पट्टी. आपण यातलं काही परस्पर बंद करायचं नसतं. फोटो काढून वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवले, त्यांनी काय ठेवायचं ते ठरवलं. त्यानंतर आजोबा एकदाही पडले नाहीत असं नाही, पण पहाटेचं ते कोसळणं थांबलं. शिवाय आता उठल्यावर खाटेच्या कडेला दोन मिनिटं पाय हलवत बसतात. त्यांच्या शब्दांत, "गाडी गरम करतो."

काठीबद्दल थोडक्यात, नाहीतर मी थांबणार नाही. वयस्कांना काठीसारखी साधनं देणारी केंद्राची वयोश्री योजना 2017 पासून आहे, राज्याकडून 65 च्या पुढच्यांना 3000 रुपयेही देतात. शिबिरात काठी हातात देतात, फोटो होतो. पण उंची कोण बघतं? चप्पल घालून उभं राहायचं, हात सैल सोडायचा, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दहातले किती जण उलट धरतात ते तुम्हीच बघा. खालचं रबर झिजलं की ओल्या फरशीवर तीच काठी पाडते.

"आता बसून राहा हो आजी" हा सल्ला तर बंदच करा. बसून मांड्या जातात आणि मांड्या गेल्या की तोल जातो. कट्टा किंवा खिडकीचा गज धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, रोज थोडं.

मोतीबिंदूची तपासणी लांबवू नका.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी कुणी पडायचं थांबत नाही.

अंगणात ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा आणि वर झावळ्या टाका. आपल्या आज्या हे आपल्याआधीपासून करतात.

कुणी पडलं, पाय आखूड दिसला आणि बाहेर वळला तर ओढू नका, चोळू नका, 108 ला फोन करा. "मुरगळला असेल" म्हणून तेल लावत दोन दिवस घालवलेले मी मोजायचे सोडले.

राहिला न्हाणीत उठताना धरायचा दांडा. टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे, नळ तर नव्हेच. त्या खुबा मोडलेल्या आजींच्या मुलाने पुढच्या गणपतीला येऊन स्टीलचा चांगला जाड दांडा बसवला आणि मला कौतुकाने बोलावलं. दांडा त्याच्या छातीच्या उंचीवर होता. मी आजींना न्हाणीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, आता उठायला हात टाका म्हटलं, आणि हात भिंतीवर जिथे टेकला तिथे पेन्सिलीने खूण केली. दीड वीत खाली. मिस्त्री गौरी-विसर्जनानंतर येतो म्हणाला.