डॅशबोर्डमधील टॅबलेट आणि स्पीकरमधील शिट्टी

डॅशबोर्डमध्ये बसवलेला अँड्रॉइड टॅबलेट चार्जिंगवर असताना स्पीकरमधून बारीक शिट्टी येई, ॲक्सिलरेटर दाबला की ती चढे आणि चार्जरची पिन काढताच थांबे. कन्व्हर्टर (गाडीच्या बॅटरीचा दाब टॅबलेटच्या चार्जिंगसाठी कमी करणारा) व ॲम्प्लिफायर यांची अर्थिंग गाडीच्या बॉडीवर वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) विद्युत गोंगाट ऑडिओ केबलमध्ये शिरत होता. बॉडीवरील एकाच बोल्टखालचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडून दोन्हींच्या अर्थिंगच्या काळ्या वायरी तिथेच आवळल्या. उरलेली कुरकुर ऑक्स केबलमधील (टॅबलेटचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणाऱ्या) ग्राउंड लूप आयसोलेटरने, म्हणजे अर्थिंगमार्गे येणारा गोंगाट अडवणाऱ्या जोडाने, मिटली. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि बंद गाडीत त्याहून बराच अधिक, तर लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांपुढे चार्ज करू नये. म्हणून उन्हात टॅबलेट काढता येईल अशीच चौकट बसवली, दिसायला ती ओबडधोबड असली तरी.