सोलापूरच्या कोरडवाहू रानात औषधी तणांचा एक गुंठा

सोलापूर जिल्ह्यात औषधी तण शोधत फिरावं लागत नाही. मृगाच्या सरीनंतर बांधावर घेटुळी पसरते, आघाडा उभा राहतो, सप्टेंबरचा पाऊस झाला की माळावर सराटा पाय ठेवू देत नाही. तरवड तर बारा महिने आहेच. अडचण वेगळी आहे. ऊस, द्राक्ष आणि डाळिंबाच्या बांधावरचं तण आता औषधासाठी घेण्याजोगं राहिलेलं नाही. ग्लायफोसेट किंवा टू-फोर-डी हे तणनाशक मारलेल्या बांधावर वीस दिवसांनी फुटलेली कोवळी घेटुळी दिसायला ताजी टवटवीत असते, तिच्यात काय उतरलंय ते डोळ्याला दिसत नाही. हमरस्त्याची कड, सांडपाण्याचा ओढा, जुनी उकिरड्याची जागा, यांचंही तेच. म्हणून तण मुद्दाम आपल्या जागेत वाढवायचं. शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा लागणार नाही असा एक गुंठा, म्हणजे साधारण ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, घरापुरती भरपूर होते.

पण लावण्याआधी ओळख. त्यासाठी एक पूर्ण वर्ष द्या. ही वेळ वाया जात नाही. कोरडवाहू मुलखातलं तण चार महिने दिसतं आणि आठ महिने गायब असतं. फुलावर ओळखलेलं झाड फळावर ओळखता येईल असं नाही आणि मुळं काढायची वेळ येते तेव्हा वर बहुधा वाळक्या काड्याच उरतात. एकच झाड जूनमध्ये, सप्टेंबरमध्ये आणि जानेवारीत त्याच जागी जाऊन पाहिलं, तरच ते ओळखीचं झालं म्हणायचं.

सुरुवात गणपतीच्या पत्रीपासून केली तर बरं. आघाडा, माका, तुळस, बेल, शमी ही पानं घरातल्या मोठ्या माणसांच्या हाताला ठाऊक असतात, त्यांच्याकडून शिकून घ्या. त्याच पत्रीत धोतराही असतो आणि तो जबर विषारी आहे, हेही त्याच दिवशी मुलांना सांगा. देवाला वाहिलं म्हणजे खाण्याजोगं असतं असं नाही.

ओळखलेल्या प्रत्येक झाडाचा नमुना ठेवा. फुलं-फळं असलेली फांदी, लहान झाड असेल तर मुळासकट, वर्तमानपत्राच्या घडीत पसरवून ठेवा आणि वर पुठ्ठा व जड फळी ठेवा. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला, नाहीतर नमुना काळा पडतो आणि बुरशी धरतो. वाळल्यावर साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवा. खाली तारीख, गाव, जमीन कोणती (मुरूम, काळी, ओढ्याकाठची), फुलाचा रंग आणि गावातलं नाव लिहा. फुलाचा रंग विसरू नका, कारण वाळल्यावर तो उडतो. हा संच घेऊन आयुर्वेद महाविद्यालयातल्या द्रव्यगुण (औषधी वनस्पतींच्या) विभागात किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलात तर शास्त्रीय नाव पक्कं करून मिळतं. शास्त्रीय नावाशिवाय पुढे जाऊ नका. गावोगावी एकच नाव तीन झाडांना असतं.

फसगत नेमकी कुठे होते ते पाहा.

घेटुळी म्हणजे पुनर्नवा. तिच्याजागी सर्रास उपटला जातो तो विषखापरा. दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्हींची पानं गोलसर असतात आणि जोडीतलं एक पान मोठं, एक लहान असतं. फरक फुलात आहे. घेटुळीची बारीक गुलाबी-किरमिजी फुलं लांब, फाटे फुटलेल्या दांडीवर पानांपासून दूर येतात. विषखापऱ्याचं फूल पानाच्या बगलेतच दडलेलं असतं, खोड मांसल असतं आणि फळात काळं बी असतं. फूल नसेल तर उपटू नका, थांबा.

गुळवेलीचा भाऊबंद टिनोस्पोरा क्रिस्पा हा जास्त धोक्याचा. त्याच्या खोडावर उठावदार गाठी-गाठींचे फोड असतात. खऱ्या गुळवेलीच्या खोडाला असे फोड नसतात. साल पातळ पापुद्र्यासारखी सुटते आणि खाली हिरवा रंग दिसतो. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयानेही या गल्लतीबद्दल सावध केलं होतं.

सराटा, म्हणजे लहान गोखरू, आणि मोठं गोखरू ही दोन वेगळी झाडं. मोठ्या गोखरूची ताजी फांदी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं. सराट्याने तसं होत नाही. एवढी खूण पुरते.

आणि काळ्या रानातली किडामारी. जंतांवर म्हणून ती जुन्या काळापासून दिली जाते. तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंड निकामी करतं आणि कर्करोगालाही कारण ठरतं. ती पोटात घेऊच नका, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. रब्बीच्या रानात पिवळा धोतरा येतो, त्याचं मोहरीसारखं काळं बी तेलबियांत मिसळू देऊ नका. त्या तेलाने अंगावर सूज येऊन माणसं दगावली आहेत. गुंजेचं बी, कण्हेर, रुईचा चीक आणि कडू इंद्रावण हे शिकायचे ते ओळखून लांब राहण्यासाठी.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून पानसुद्धा उचलू नका. तिथून परवानगीशिवाय वनस्पती काढणं हा गुन्हा आहे. आणि आपलं शिक्षण करताना माळरान ओरबाडलं जाऊ नये.

आता गुंठ्याकडे. जागा अशी निवडा की वरच्या अंगाला मुरूम आणि खालच्या अंगाला थोडी काळी माती येईल. सोलापूरचा पाऊस वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात उत्तरा-हस्ताला एकदम कोसळतो. त्यामुळे दुष्काळी भागात मुळ्या पाण्याअभावी मरतात त्यापेक्षा पाणी तुंबून जास्त सडतात. चिबड कोपरा औषधी मुळांना कधीच देऊ नका. उताराला आडव्या सऱ्या काढा, वरंबा ३० सेंटिमीटर उंच ठेवा, दोन पाट्या कुजलेलं शेणखत प्रत्येक वाफ्यात मिसळा. कच्चं शेणखत हुमणी आणतं आणि हुमणी नेमकी तीच मुळं खाते जी तुम्हाला हवी असतात.

या गुंठ्याचं मुख्य पीक अश्वगंधा. माळावर ती ढोरगुंज म्हणून आपोआप उगवते, पण रानटी झाडाचं मूळ लाकडासारखं चिवट असतं. औषधाला लागतं ते पिठूळ, कडकन मोडणारं, आतून पांढरं मूळ, आणि ते लागवडीच्या वाणातूनच मिळतं. जवाहर असगंध-२० किंवा पोषिता या वाणांचं बी मागा. मोहोळ किंवा सोलापूरजवळच्या खेडच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केली तर मिळण्याचा मार्ग कळतो. बी एका वर्षाच्या आतलंच घ्या. जुनं बी उगवत नाही आणि माणूस मातीला दोष देत बसतो.

पेरणीची वेळ ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा दुसरा आठवडा, वाफसा आल्यावर. मृगावर पेरू नका. ते झाड हस्तापर्यंत पाल्याने फोफावतं आणि मुळाची मान कुजते. हेक्टरी १० ते १२ किलो बी लागतं, म्हणजे पूर्ण गुंठ्याला १०० ते १२० ग्रॅम. अर्ध्या गुंठ्यात लावत असाल तर ५० ते ६० ग्रॅम. बी बारीक असतं, म्हणून पाचपट कोरड्या बारीक वाळूत मिसळून ३० सेंटिमीटरवरच्या ओळीत सोडा आणि वर सेंटिमीटरभरच माती ओढा. खोल गेलेलं बी वर येत नाही. आठ ते बारा दिवसांत उगवण दिसते. २५ ते ३० दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवा. विरळणी करताना जीव तुटतो, पण दाट ठेवलेल्या वाफ्यात दोऱ्यासारखी मुळं निघतात.

खुरपणी दोनदा, पहिली विरळणीबरोबर, दुसरी महिन्याने. पाणी जवळजवळ नकोच. डिसेंबरात पानं दुपारी मान टाकून सकाळी पुन्हा ताठ होत असतील तर काही करू नका. सकाळीही मलूल असतील तरच एक हलकं पाणी द्या. जास्त पाण्याने झाड हिरवंगार होतं, मूळ मात्र तंतुमय आणि पातळ राहतं. पानांची जाळी दिसू लागली की ती ठिपक्यांच्या भुंग्याची करामत असते. पानाच्या पाठीवरचे पिवळे अंडीपुंज आणि काटेरी अळ्या सकाळी वेचून मारा, एवढ्या जागेत फवारणीची गरज पडत नाही.

भारी काळ्या रानात अश्वगंधा लावू नका असं म्हणतात त्याचं कारण इथे कळतं. जानेवारीत काळी माती भेगाळते, भेग मुळाला तोडते, आणि उरलेलं मूळ काढताना अर्धं जमिनीतच राहतं.

फेब्रुवारीत, पेरणीपासून १५० ते १८० दिवसांनी, पानं सुकतात आणि पोपटी या रानफळासारख्या पातळ कवचातली फळं लाल होतात. आदल्या दिवशी हलकं पाणी शिंपडा आणि झाड टिकावाने मुळासकट उपटा. खोड मुळापासून एक-दोन सेंटिमीटर वर तोडा. मुळं धुऊन, ७ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करून वाळवा. चांगलं साधलं तर गुंठ्यामागे वाळलेली तीन ते पाच किलो मुळं निघतात. बियांसाठी पहिल्याच दिवशी सगळ्यात धष्टपुष्ट दहा झाडं निवडून ठेवा. लाल फळं वाळवून, चोळून, पाखडून बी काढा. पोटात घ्यायला मूळच वापरतात, पानं नाहीत. गरोदर बाईने, थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असलेल्याने, यकृताचा विकार असलेल्याने वैद्यांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी. दोन्ही शेळ्या सहसा खात नाहीत, म्हणून आतलं पीकही वाचतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या १५ ते २० सेंटिमीटर लांब छाट्या जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन डोळे मातीत जातील अशा तिरक्या खोचा, अंतर दोन फूट. पहिला उन्हाळा आठवड्याला एक तांब्या पाणी द्या, पुढे नको. अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच खोकल्याचं ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं. तेच व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं, त्यामुळे गरोदरपणी अडुळसा बंद.

गुळवेलीची बोटभर जाडीची वीतभर कांडी घ्या, वरचं टोक वरच राहील हे पाहून कडुनिंबाच्या बुंध्याशी लावा. उलटी लावलेली कांडी महिनाभर हिरवी राहते आणि मग वाळते, म्हणून तोडतानाच वरच्या टोकाला दोरा बांधा. खोड दुसऱ्या वर्षापासून तोडा, पानं गळालेली असताना.

घेटुळी आणि सराटा पेरायची गरज नाही. गुंठ्याचा एक कोपरा न नांगरता सोडा, ती येतात. घेटुळीचं मूळ दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात काढा. सराटा मात्र पायवाटेपासून लांब ठेवा आणि फळं गळायच्या आत आख्खं झाड कापून ताडपत्रीवर वाळवून झोडपा, नाहीतर पुढची पाच वर्षं सायकलची ट्यूब बदलत बसाल. हिरवा सराटा मेंढरांना खाऊ घालू नका, त्याने तोंड सुजून जनावरं आजारी पडतात.

वाळवणीत सोलापूरचं ऊन मित्रही आहे आणि शत्रूही. मुळं दोन-तीन दिवस उन्हात चालतात. पानं मात्र एप्रिलच्या उन्हात टाकली तर एका दिवसात पिवळी पडतात आणि वासही जातो. पानं बाजेवर सुती कापड अंथरून, सावलीत, वारा खेळेल अशी बोटभर जाडीच्या थरात पसरा, रोज उलटा. पान मुठीत चुरडलं की चुरा व्हायला हवा आणि देठ कटकन मोडायला हवा. वाकत असेल तर आत ओल आहे आणि डब्यात बुरशी येणार. धूळ इथली मोठी डोकेदुखी, म्हणून वरूनही पातळ कापड टाका. काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरा, नाव आणि महिना लिहा. वर्ष उलटलं की खतात टाका.

काढा करायचा तर १० ग्रॅम भरड वाळलेलं मूळ किंवा खोड १६० मिलिलिटर पाण्यात मंद आचेवर उघड्या भांड्यात उकळून ४० मिलिलिटर उरवतात आणि त्याच दिवशी संपवतात. किती आणि किती दिवस घ्यायचा हे वैद्यांनी ठरवायचं, कारण एकच काढा रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळीबरोबर वेगळा वागतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी. साप चावला तर कोणताही पाला न बांधता थेट सरकारी दवाखाना. दुसऱ्याला पैसे घेऊन औषध बनवून द्यायचं असेल तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो.

शिकण्यासाठी सगळ्यात निर्धोक आणि उपयोगी वस्तू म्हणजे बाहेरून लावायचं निर्गुडीचं तेल. ४०० ग्रॅम ताजी पानं ठेचून ३.२ लिटर पाण्यात उकळा, ८०० मिलिलिटर उरलं की गाळा. २०० मिलिलिटर तिळाचं तेल रुंद तोंडाच्या जाड बुडाच्या पातेल्यात घ्या, त्यात ५० ग्रॅम पानांचा वाटलेला गोळा आणि तो काढा घाला. अगदी मंद आचेवर आटवा, तळ खरवडत राहा, आणि एका दिवसात संपवायची घाई करू नका. रात्री उतरवून सकाळी पुन्हा चढवा. वर फेस येऊ लागला की लक्ष तिथेच ठेवा. गोळ्यातला चिमूटभर भाग बोटांत वळून वात होते का पाहा आणि कापसाची वात तेलात बुडवून पेटवा. तडतडली तर पाणी बाकी आहे, असं तेल पंधरा दिवसांत खवट होतं. शांत जळली तर लगेच उतरवा, आणखी पाच मिनिटं ठेवलं तर गोळा करपून तेलाला जळका वास येतो. कोमट असताना सुती कापडातून गाळा, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या बाटलीत भरा, आणि चिठ्ठीवर तारीख, ‘निर्गुडी’ आणि ‘फक्त बाहेरून’ एवढं लिहून चिकटवा.