थंडीतला पहिला ट्रेक: सोलापूरकरांनो, या चुका टाळा

दिवाळी उरकली की सोलापुरात ट्रेकचे बेत शिजायला लागतात. रात्री गाडी काढायची, पहाटे पायथ्याचं बारी गाव गाठायचं आणि कळसूबाई चढायची. बेत छान आहे. पण आपण उन्हात वाढलेली माणसं, थंडीच्या तयारीत नेमकं चुकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सोबत घेतलेली चादर. सोलापुरी चादरीवर माझाही जीव आहे, पण ती सुती आणि जड. उघड्यावर झोपलात की रात्रभर पडणारं दव ती शोषते आणि पहाटे अंगावर दमट ओझं उरतं. हरिश्चंद्रगडावर अशी एक रात्र मी जागून काढली आहे. सुती बनियन-टीशर्टचंही तेच. चढताना घाम येतो, थंडी कळत नाही. माथ्यावर बसलात, वारा लागला, की तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून आत लवकर वाळणारा पॉलिस्टरचा टीशर्ट, त्यावर लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. चढ सुरू होण्याआधीच स्वेटर काढा. पहिली दहा मिनिटं गारठलात तरी चालेल. थांबलात की लगेच चढवा. एक कोरडा टीशर्ट आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

सोलापूरच्या हवेवरून अंदाज बांधू नका. हजार मीटर वर गेलं की पारा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतो. आपलं शहर पाचशे मीटरच्या आतबाहेर, कळसूबाई १६४६ मीटर. वाऱ्याचा गारठा आणखी वेगळा.

तरीही कोणी कुडकुडायला लागलं तर आडोशाला बसवून ओले कपडे बदला, गोड गरम चहा द्या. दारू अजिबात नको. तिने ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीर आणखी गार पडतं. जीभ जड झाली, पाय अडखळू लागले किंवा कुडकुडणं थांबून माणूस सुस्तावला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. त्याला चालवू नका, पांघरुणात गुंडाळा आणि १०८ ला फोन करा.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही उत्तम शिदोरी, पण ती पाणी मागते आणि थंडीत तहान लागत नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या, आठवणीने प्या.

घसरायला होतं ते उतरताना, वाळलेल्या गवतावर आणि मुरमाच्या घसाऱ्यावर. तळ झिजलेले बूट घरीच राहू द्या. कळसूबाईच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्या पहाटे दवाने ओल्या असतात, तिथे घाई नको. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा उशिरात उशिरा दोनला परत फिरा, माथा राहिला तरी. थंडीत मोबाईलची बॅटरी भराभर उतरते. तो आतल्या खिशात ठेवा, टॉर्च वेगळी घ्या.

खाली आल्यावर लगेच स्टेअरिंगवर बसू नका. आदल्या रात्रीचं जागरण असतं. गावातच दोन-तीन तास पाठ टेका, मग निघा.