नाकात आत वळलेला केस: ओळखावा कसा आणि करावे काय

नाकपुडीच्या कडेला एखादी पुळी येते, चेहरा पुसताना कळ उठते, आणि घरातील वडीलधारी मंडळी 'माळीण झाली' एवढे सांगतात. अशा पुळीमागे पुष्कळदा चिमट्याने उपटलेला किंवा वॅक्सने ओढून काढलेला केस असतो. तो पुन्हा वाढताना त्याचे टोक कातडीबाहेर न येता आतच वळते आणि भोवती सूज धरते.

प्रथम नीट पाहून घ्यावे. आरशासमोर उभे राहून, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात नाकाचा शेंडा बोटाने अलगद वर उचलावा. आत वळलेला केस असल्यास एकाच जागी लालसर उंचवटा दिसतो, कधी त्यावर पिवळसर ठिपका असतो, तर कधी कातडीखाली केसाचे काळे वेटोळेही दिसते. दोन्ही नाकपुड्यांत खपल्या धरून आग होत असेल, तर तो बहुधा निराळा जंतुसंसर्ग असतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की नाक आतून कोरडे पडते, सारखे बोट घातले जाते आणि तेही अशा संसर्गाला निमित्त होते.

उपाय साधा आहे, मात्र धीर हवा. हात साबणाने धुवावेत. आपल्याकडे घरोघरी असलेल्या सोलापुरी टॉवेलचा एक स्वच्छ तुकडा सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, नाकपुडीवर १० ते १५ मिनिटे धरावा. निवला की पुन्हा भिजवावा. असा शेक दिवसातून ३-४ वेळा दिल्यास कातडी मऊ होते आणि बहुतेक वेळा टोक आपोआप मोकळे होते. तोवर त्या नाकपुडीतील एकही केस उपटू किंवा कापू नये.

पुळी फोडणे मात्र कटाक्षाने टाळावे, सुईने उकरणे तर नकोच. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातील शिरांचा संबंध डोळ्यांमागून कवटीच्या तळाशी असलेल्या शिरांशी असतो, त्यामुळे येथील संसर्ग क्वचित का होईना, मेंदूच्या जवळ पोहोचून जिवावर बेतू शकतो. घरात उरलेले मलमही मनाने लावू नये. प्रतिजैविक मलम लागेल की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

शेक देऊनही ३-४ दिवसांत उतार पडला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी तेवढेही थांबू नये. ताप, गालावर किंवा डोळ्याभोवती पसरणारी सूज, तीव्र डोकेदुखी, एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, सिव्हिल किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

पुन्हा त्रास होऊ नये, यासाठी नाकातील केस मुळासकट काढण्याची सवयच सोडावी. हे केस धूळ अडवतात, आणि यंत्रमागावर सुताच्या तुसात दिवसभर उभे राहणाऱ्या कामगाराला त्यांची गरज इतरांहून अधिक असते. त्याने मास्कही वापरावा. नाकाबाहेर डोकावणारे तेवढेच केस गोल टोकाच्या कात्रीने किंवा ट्रिमरने कापावेत, सलूनमध्येही तसेच बजावून सांगावे. कात्री स्पिरिटने पुसावी आणि ती घरातही दुसऱ्याला देऊ नये.