हिंदी चित्रपट-अभिनेत्रीवर चरित्रलेख कसा लिहावा

अभिनेत्रीवर लेख लिहायला बसणारे बहुतेक जण जन्मापासून सुरुवात करतात, घराणे आणि बालपण यांवर दोन-तीन परिच्छेद खर्च करतात आणि प्रत्यक्ष कामापर्यंत पोहोचेतो शब्दमर्यादा संपत आलेली असते. मग उरलेल्या जागेत चित्रपटांची नावे एकापाठोपाठ एक ओवली जातात. हे टाळायचे असेल, तर लेखाचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी कागदावर एक तक्ता आखावा. चित्रपट, प्रदर्शनाचे वर्ष, दिग्दर्शक आणि भूमिका हे चार रकाने सर्वांनाच सुचतात. पाचवा रकाना मात्र आवर्जून ठेवावा आणि त्या वर्षी त्या व्यक्तीच्या आयुष्यात काय घडले, एवढेच त्यात नोंदवावे.

या पाचव्या रकान्याचा उपयोग काय, हे नूतन यांच्या उदाहरणावरून चांगले कळते. ४ जून १९३६ रोजी मुंबईत जन्मलेल्या नूतन १९५० मध्ये, आई शोभना समर्थ यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘हमारी बेटी’मधून पडद्यावर आल्या. पुढे ‘सीमा’ (१९५५), ‘सुजाता’ (१९५९), ‘बंदिनी’ (१९६३), ‘मिलन’ (१९६७) आणि ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ (१९७८) या पाच चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. आता पाचव्या रकान्यात १९५९ समोर रजनीश बहल यांच्याशी विवाह आणि १९६१ समोर मुलाचा जन्म असे लिहिले, की पाचांपैकी तीन पुरस्कार विवाहानंतरच्या चित्रपटांसाठी आहेत आणि त्या पाचांतला शेवटचा चित्रपट त्यांच्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीचा आहे, हे आपोआप समोर येते. लग्न झाले की नायिकेची कारकीर्द मावळते, हे आपल्याकडचे ठरलेले वाक्य त्यांच्याबाबतीत लिहिता येत नाही. लेखाचा कणा असा तक्त्यातून सापडतो. तो आधी ठरवून त्यावर चित्रपट टांगू नयेत.

तक्ता भरताना सर्वाधिक चुका वर्षांच्या होतात, म्हणून येथे थोडे थांबावे लागते. चित्रपटाचे वर्ष आणि पुरस्काराचे वर्ष एकच धरण्याची सवय घातक आहे. ‘सीमा’ १९५५ चा असला तरी त्याचा फिल्मफेअर पुरस्कार १९५७ च्या सोहळ्यातला आहे. स्मिता पाटील यांना ‘चक्र’साठी मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार १९८० या वर्षाचा आहे, तर चित्रपटाची नोंद सर्वत्र १९८१ अशी आढळते, राष्ट्रीय पुरस्कारांत सेन्सॉर प्रमाणपत्राचे वर्ष पाहिले जाते, हे ठाऊक नसेल तर लेखक दोहोंपैकी एक आकडा चुकीचा समजून ‘दुरुस्त’ करून टाकतो. याहून मोठा घोटाळा रखडलेल्या चित्रपटांबाबत होतो. ‘पाकीज़ा’चे काम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि तो पडद्यावर आला ४ फेब्रुवारी १९७२ रोजी, त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला, त्याच्या नायिका मीनाकुमारी यांचे निधन झाले. तक्त्यात त्याला केवळ १९७२ च्या ओळीत बसवून अभिनयाच्या ‘अखेरच्या टप्प्या’विषयी निष्कर्ष काढले, तर त्याच चित्रपटात तरुणपणी चित्रित झालेला चेहराही आहे, हे निसटते. अशा ठिकाणी चित्रीकरणाचा काळ वेगळा नोंदवावा.

पुरस्कारांविषयी आणखी एक सावधगिरी. एखादा सन्मान मिळाला नाही असे लिहिण्याआधी तो तेव्हा अस्तित्वात होता का, हे पाहावे. राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयाचा स्वतंत्र सन्मान १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिली मानकरी नर्गिस ठरल्या. त्यामुळे ‘बंदिनी’साठी नूतन यांची राष्ट्रीय पातळीवर उपेक्षा झाली, हे विधान कितीही जिव्हाळ्याने केले तरी निराधार ठरते.

माहितीसाठी जुन्या चित्रपटांची श्रेयनामावली स्वतः पाहावी, आणि शक्य असल्यास पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे वळावे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपटांबरोबरच जाहिरातफलक, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जतन केलेल्या आहेत.

एवढे झाल्यावर खरे काम सुरू होते, ते अभिनयाचे वर्णन करण्याचे. ‘सहजसुंदर’, ‘बोलके डोळे’, ‘भूमिकेचे सोने केले’ हे शब्द कोणत्याही अभिनेत्रीला लावता येतात, म्हणून ते कोणालाच लावू नयेत. त्यांऐवजी एक प्रसंग निवडावा, तो तीन-चार वेळा पाहावा आणि पडद्यावर काय दिसते तेवढेच लिहावे. ‘सुजाता’मधील टेलिफोनवरचे गाणे घ्या. नायक पलीकडून गातो आणि सुजाता अलीकडे कानाला रिसीव्हर लावून उभी असते. तिला एक ओळही गायची नाही, बोलायचे नाही, आणि तरीही प्रसंग तिचाच होतो. ‘बंदिनी’त विष देण्याच्या निर्णयाशी नायिका कल्याणी येते, तेव्हा जवळच्या कामाच्या ठिकाणचे घणाचे आघात ऐकू येत राहतात आणि ठिणग्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर लखलखतो. येथे दिग्दर्शक बिमल रॉय यांची योजना किती आणि अभिनेत्रीचे काम किती, हे वेगळे करण्याचा प्रयत्न लेखकाने केलाच पाहिजे. चरित्रलेखातील सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत वाचनीय परिच्छेद हाच असतो.

सर्वनामांचा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्यापुढे हमखास येतो. नायकाला ‘त्यांनी’ आणि नायिकेला ‘तिने’ अशी विभागणी आपल्या चित्रपटलेखनात वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि ती सोडून द्यावी. अभिनेत्रीला ‘त्या’ आणि पात्राला ‘ती’ म्हटल्यास सन्मान तर राहतोच, शिवाय व्यक्ती आणि भूमिका यांची गल्लत टळते: कल्याणी गप्प राहते तेव्हा ‘ती’, आणि नूतन ते मौन साकारतात तेव्हा ‘त्या’.

खासगी आयुष्याचा उल्लेख कामावर त्याचा परिणाम झाला असेल तेथेच करावा. कोणी कोणाशी अबोला धरला, कोणाचे नाव कोणाशी जोडले गेले, या गोष्टी बहुधा एकाच मुलाखतीतून पुढे वर्षानुवर्षे उतरवल्या जातात. मूळ मुलाखत हाती नसेल तर तो मजकूर गाळावा. अकाली मृत्यूचेही तसेच आहे. स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेल्या, आणि त्यांच्यावरील असंख्य लेख तेथूनच सुरू होतात. तशी सुरुवात केली की ‘भूमिका’सारखा चित्रपटही त्या मृत्यूच्या छायेत वाचला जातो, वास्तविक १९७७ मध्ये तो करणारी मुलगी अवघी एकवीस-बावीस वर्षांची होती आणि तिच्यापुढे सगळे मोकळे होते.

लेखाच्या शेवटी चित्रपटांची सूची जोडायची असेल, तर निधनोत्तर प्रदर्शित चित्रपटांवर खूण करावी. नूतन २१ फेब्रुवारी १९९१ रोजी गेल्या. त्यांचा ‘इन्सानियत’ १९९४ मध्ये आला. खुणेशिवाय ती ओळ वाचणारा एक तर तारीख चुकली असे समजतो, किंवा चित्रपट.