पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलताय? मग या चुका टाळा

गाडी 60 च्या वर गेली की पुढून घूंऽऽ असा आवाज येतो, स्पीडबरोबर वाढतो, न्यूट्रल टाकली तरी जात नाही. अशी लक्षणं असली की बेअरिंगवर संशय घ्यायला हरकत नाही, आणि हे काम घरी होण्यासारखंही आहे. पण नवीन टाकलेलं बेअरिंग काही महिन्यांत परत आवाज करायला लागलं की सगळे कंपनीला शिव्या घालतात, आणि बऱ्याच वेळा ते बेअरिंग बसवतानाच मेलेलं असतं. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

पहिली चूक म्हणजे नीट चेक न करता सामान आणायला पळणं. टायर वरखाली झिजलेला असेल तरी अगदी असाच आवाज येतो, त्यामुळे आधी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघा, आवाज मागे गेला तर बेअरिंगला हात लावायची गरजच नाही. आता कुठल्या बाजूचं गेलंय ते बघायचं. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकावर जातं, म्हणून डाव्या वळणावर आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, आणि उलट असेल तर डावं. पण यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण या बेअरिंगमध्ये बॉलच्या दोन रांगा असतात आणि कुठली रांग खराब झालीय त्यावर कधीकधी उलटंही होतं. गाडी उचला, एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा, खराब बाजूला स्प्रिंगमध्ये खरखर चक्क हाताला जाणवते.

मग चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोल सांधा) बघा. 3 आणि 9 वर धरूनच प्ले लागत असेल तर टाय रॉडकडे (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याकडे) वळा.

आता खोलताना. अ‍ॅक्सल नट, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट, फार टाइट असतो, गाडी हवेत असताना लांब पाइप लावून त्याच्याशी झटापट करायची नाही, जॅकवरून गाडी घसरू शकते. चाक जमिनीवर असतानाच, हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दगड लावून, नट फक्त जरासा सैल करायचा. आधी त्याचा ठोकलेला लॉक सरळ करा किंवा स्प्लिट पिन काढा, नाहीतर आटे जातात. आणि नट सैल असताना गाडी एक फूटही ढकलायची नाही, कारण बऱ्याच गाड्यांत बेअरिंग घट्ट धरून ठेवायचं काम हा नटच करतो. गाडी जॅक स्टँडवरच घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे.

कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) काढला की तारेने स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो आणि वरून कळतही नाही. शाफ्ट (इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा) हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातून, सुटत नसेल तर आट्यांवर हातोडा नको, जुना नट टोकाला लावून लाकडाचा तुकडा मध्ये धरा. शाफ्ट बाहेर ओढायचाही नाही, आतला जॉइंट निसटला की नसतं काम वाढतं. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर कोकणपट्टीतल्या गाड्यांमध्ये गंजाने इतका चिकटलेला असतो की ओढला की प्लास्टिकचं डोकंच हातात येतं. तिथे गंज सोडवायचा स्प्रे मारून हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत काढायचा. स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडीचे) बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेची खूण करून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडच्या बऱ्याच लहान हॅचबॅकमध्ये बेअरिंग नकलमध्ये (चाकामागच्या लोखंडी भागात, ज्याला सस्पेन्शन आणि स्टिअरिंग जोडलेलं असतं) प्रेस करून, म्हणजे मशीनने दाबून, बसवलेलं असतं आणि हब त्या बेअरिंगमध्ये प्रेस केलेला असतो. काही गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्र येतं, तीन-चार बोल्ट काढले की झालं, त्यांना प्रेस लागत नाही. प्रेसवाल्यात नियम सोपा आहे: बेअरिंग नकलमध्ये घालताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर, आणि हब बेअरिंगमध्ये घालताना मागून आतल्या रिंगला टेकू. हे उलटं झालं की सगळा जोर बॉलमधून जातो आणि ट्रॅकवर बारीक खड्डे पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पण थोडं चालवलं की तोच घूंऽऽ परत. हातोड्याने ठोकून बसवलं तरी हेच होतं, वर कपडा धरला म्हणून काही फरक पडत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की घरी प्रेस नसेल तर नकल काढून जवळच्या लेथवाल्याकडे न्या, पण स्वतः उभं राहून बघा की तो कुठल्या रिंगवर दाब देतोय. योग्य मापाची रिंग किंवा पाइप नसेल तर आणायला लावा, घाई करू देऊ नका.

काही गोष्टी बारीक वाटतात पण त्याच नडतात. जुनं बेअरिंग काढण्याआधी सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडकवून ठेवणारी स्प्रिंगसारखी रिंग) काढलाय ना ते बघा, तो आत असताना प्रेस मारला तर नकलचीच वाट लागते. हब निघाला की जुन्या बेअरिंगची एक आतली रिंग त्याच्यावरच अडकून येते, ती पुलरने काढा, ग्राइंडरने कापत असाल तर अर्धवट कापून छिन्नीने फोडा, हबच्या बसायच्या जागेवर एक ओरखडाही नको. नकलच्या आतला गंज बारीक पॉलिश पेपरने साफ करा, सर्क्लिपची खोबण पण, आणि नवीन सर्क्लिप पूर्ण खोबणीत बसलाय का ते फिरवून बघा. सील्ड बेअरिंगमध्ये वरून ग्रीस कोंबायचं नाही.

एबीएसवाल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवर मॅग्नेटिक रिंग असते, दिसायला दोन्ही बाजू जवळपास सारख्या. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे आत, यायला हवी. उलटं बसलं की एबीएसचा दिवा लागतो आणि परत काढायचं म्हणजे नवीन बेअरिंग वाया गेलं. लोखंडाची बारीक टाचणी जवळ नेऊन बघा, ओढली गेली की बाजू कळते. मॅग्नेटिक ट्रे किंवा स्पीकरजवळ ते ठेवू नका.

जोडताना अ‍ॅक्सल नट नवीनच घ्या. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावून टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला टाइट करा. लहान गाड्यांत हा आकडा साधारण 150 ते 250 न्यूटन मीटरच्या आसपास असतो पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा, अंदाजाने नको, इम्पॅक्ट गनने तर नकोच. हे झाल्यावरच गाडीचं वजन चाकावर टाका.

सगळं झाल्यावर प्रॉब्लेम आला तर असं बघा. चाक फिरवताना पत्रा घासल्यासारखा आवाज आला तर डिस्कमागची डस्ट शील्ड वाकलीय, हाताने सरळ करा. प्ले तसाच असेल तर नटचा टॉर्क आणि हब पूर्ण आत बसलाय का ते तपासा. एबीएसचा दिवा लागला तर आधी सेन्सरचा कनेक्टर आणि टोकाला चिकटलेला लोखंडी कीस बघा, मग बेअरिंग उलटं आहे का त्याचा विचार करा. आणि जुनाच आवाज जसाच्या तसा असेल तर दुसऱ्या बाजूचं बेअरिंग किंवा टायर परत तपासा. स्ट्रट आणि टाय रॉड हलवलेत तर व्हील अलाइनमेंट करून घ्या. पावसाळ्यात गरम चाक पाण्याच्या डबक्यात गेलं की ते एकदम थंड होतं आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं, त्यामुळे तुंबलेल्या रस्त्यातून नेल्यावर आवाज यायला लागला तर लगेच चेक करा.