दिमोनात नव्याने येणाऱ्या बेने इस्राएल कुटुंबांसाठी

अलिबागच्या इस्राएल आळीतून मी १९८७ साली दक्षिण इस्राएलमधल्या दिमोनाला आले. ठाणे, मुंबई, पुण्याहून येणारी आपली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजाची, कुटुंबे घर लागल्यावर शाळेची आणि नोकरीची चौकशी करतात. इथल्या आपल्या समाजाच्या मंडळाची चौकशी मात्र पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांनी, घरात लग्न निघाले म्हणजे होते. ती पहिल्याच महिन्यात करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि तिचे कारण कळण्यासाठी मागचे थोडे ठाऊक असायला हवे.

भारत स्वतंत्र झाला, पाठोपाठ १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाले आणि यहुद्यांना इथे येऊन राहण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्यानंतर कोकणातली, मुंबईतली हजारो माणसे इकडे आली. नागरिकत्व मिळाले, परंतु १९६२ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने (यहुदी धर्मगुरूंच्या इथल्या सर्वोच्च संस्थेने) काढलेल्या सूचनांमुळे लग्न ठरलेल्या बेने इस्राएल वधूवरांच्या मागच्या पिढ्यांच्या यहुदीपणाची छाननी होऊ लागली. आपली माणसे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे ठरावाने जाहीर केले. ठरावाने मान मिळाला. मात्र कोकणातून आणलेली रीत इथे जन्मलेल्या मुलांच्या हाती देणे हे काम कोणत्याही ठरावाने होण्यासारखे नव्हते. ते गावोगावच्या मंडळांनी अंगावर घेतले, आणि मंडळ म्हणजे केवळ करमणुकीची जागा नव्हे असे मी म्हणते ते त्यामुळेच.

आता कागदपत्रांविषयी. आई-वडिलांचे आणि मिळाल्यास आजी-आजोबांचे कतुबा (यहुदी विवाहाचे लेखी करार), तसेच आपण ज्या सिनेगॉगचे (प्रार्थनामंदिराचे) सभासद होतात तिथल्या मुकादमांचे, म्हणजे प्रमुखांचे, पत्र, निघण्यापूर्वीच मिळवावे. माझ्या लग्नाच्या वेळी एका कचेरीने आजीचा कतुबा मागितला. तो अलिबागच्या घरी जुन्या पेटीत होता, आणि तो हाती येईपर्यंत लग्न चार महिने लांबले. आडनाव सर्व कागदांवर एकाच पद्धतीने लिहिलेले असावे, कारण पेणकर, रोहेकर यांसारखी नावे हिब्रूत लिहिताना हमखास बदलतात. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही. तेव्हा भारतीय पासपोर्ट परत करणे आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढणे ही कामे लांबवू नयेत.

उलपानचे, म्हणजे हिब्रूच्या वर्गाचे, सुमारे पाच महिने मनापासून द्यावेत. संध्याकाळी थकून घरी आल्यावर मराठीत बोलावेसे वाटते, आणि ते बोलावेच. मंडळात त्यासाठीच माणसे आहेत. पण हिब्रू टाळून केवळ आपल्याच माणसांत राहिलेल्यांना दवाखान्यातही मुलांना दुभाषी म्हणून न्यावे लागते, हे मी जवळून पाहिले आहे.

मंडळात यायला मलिद्याचा, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या आपल्या विधीचा, दिवस सर्वांत चांगला. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा कालवलेला असतो, भोवती फळे मांडलेली असतात, आणि एलियाहू हन्नावीचे (प्रेषित एलियाचे) गीत सुरू झाले की इथे जन्मलेली, मराठी न बोलणारी मुलेही ते तोंडपाठ म्हणतात. त्यांना किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस, माहीत असतो. आजी त्याला दारफाळणीचा सण का म्हणे, किंवा तिशा बआवच्या (जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाच्या) सुमारास वालाचे बिरडे का शिजे, हे सांगणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत. मंडळात मराठी कीर्तन होते तेव्हा दावीद राजाचे आख्यान ऐकायला मागच्या रांगेत नातवंडे बसतात आणि आजोबा त्यांच्या कानात हिब्रूत अर्थ सांगत राहतात. आपल्याला आख्यान लावता येत असेल, पेटी वाजवता येत असेल, नुसती जुनी गाणी आठवत असतील, तरी ते पहिल्याच भेटीत सांगावे. भारतातून ताजी मराठी घेऊन आलेल्या माणसाची इथे फार गरज आहे.

१९९२ मध्ये दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि जाणे-येणे सोपे झाले. म्हणून कोणी कोकणात जाणार असेल तर मंडळाला आधी कळवावे: आळीतले जुने फोटो, कीर्तनांच्या हस्तलिखित वह्या, लग्नातली गाणी लिहून ठेवलेली पाने, जे मिळेल ते हवे आहे. येताना पातळ पोहे आणू नयेत, ते इथल्या भारतीय दुकानांत मिळतात. त्याऐवजी वह्यांना सामानात जागा ठेवावी.